अर्ध्या तासाचं नारिंगी कुंपण

मंडळाच्या हळदीकुंकवाला मला बोलावणं येतं, नाही असं नाही. पण वाण देताना बायका डबी अशी लांबून पुढे करतात की मला कोविडच्या दिवसांची आठवण होते. त्याच बायका घरात कोणी गेलं की पहिला फोन मला करतात. तेव्हा मी एकदम "रोहिणीताई" होते आणि माझा हात धरून रडायला कोणालाच काही वाटत नाही.

चोवीस वर्षं मी इथे परदेशात, शॉमबर्ग शहराच्या पश्चिमेला, एका फ्युनरल होममध्ये, म्हणजे अंत्यविधी करून देणाऱ्या संस्थेत, काम केलं. सुरुवातीला फोन घेण्यासाठी लागले. नंतर कॉलेज करून लायसन्स काढलं आणि फ्युनरल डायरेक्टर झाले. अमरावतीला सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, सून इव्हेंट मॅनेजमेंटमध्ये आहे. तसं ते खोटं नव्हतंच. हॉल, फुलं, जेवण, पाहुण्यांची भांडणं, सगळं तेच. उत्सवमूर्ती तेवढी तक्रार करत नाही.

आपल्याकडे माणूस गेला की शेजारचे चारजण धावतात, कोणीतरी बांबू आणतं, कोणीतरी गुरुजींना फोन लावतं, आणि तीन तासांत सगळं आटोपतं. इथे ते "कोणीतरी" म्हणजे मी. रुग्णालयातून देह आणणं, सरकारी कागद, चर्च किंवा गुरुजी, विद्युतदाहिनी किंवा खड्डा, सगळं माझ्या अंगावर. शिवाय इथे माणसं जिवंतपणीच येऊन स्वतःचं सगळं ठरवून जातात. आपली मंडळीही शिकली आहेत. एक निवृत्त इंजिनिअर घरून मोजपट्टी घेऊन आले आणि शोकेसमधले सगळे अस्थिकलश मोजले. "केबिन बॅगेत बसला पाहिजे. चेक-इनमध्ये मी जाणार नाही," म्हणाले. मी सगळ्यात चपटा कलश दाखवला. तो त्यांना आवडला नाही. "ह्यात मी फार बुटका वाटेन."

अशा गमती खूप आहेत, पण मला सांगायचं आहे ते साळवेकाकांबद्दल. कारण त्यात चूक माझी होती.

सॅम्युएल साळवे मूळचे नगरकडचे. मिशनच्या शाळेत शिकले, इथे येऊन एका कारखान्यात लेथवर आयुष्य काढलं. दर रविवारी पन्नास मैल गाडी चालवून मराठी उपासनेला जायचे. भाड्याचा हॉल, चाळीस माणसं, पेटी, तबला आणि थोरात पाळक. पाळक म्हणजे त्यांचे धर्मगुरू. काकांची बायको सुशीलाकाकू. त्यांच्या पाठीत गॅप होता, एवढा वेळ गाडीत बसवायचं नाही. घरासमोरच मक्याच्या शेतांच्या कडेला लुथरन पंथाचं एक जुनं चर्च होतं. काकू एका रविवारी सहज तिथे गेल्या, दुसऱ्या रविवारी पोहे करून नेले, आणि वर्षभरात सभासदही झाल्या. गोधड्या शिवणाऱ्या बायकांचा तिथे एक गट होता. त्या सगळ्या त्यांना सूझी म्हणायच्या.

काकू गेल्या तेव्हा त्या चर्चच्या आवारातच त्यांचं दफन झालं. काम मीच पाहिलं. खड्ड्यापाशी उभं असताना चर्चच्या म्हाताऱ्या पास्टरनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शेजारची जागा तुमचीच, सॅम."

आता खरं तर मी तिथल्या तिथे कागद पुढे करायला हवा होता. माझं कामच ते. जागा कोणाची आणि प्रार्थना कोण करणार, दोन्ही लिहून घ्यायचा फॉर्म माझ्या बॅगेत होता, पेनसुद्धा होतं. पण अशा वेळी, समोर खड्डा उघडा असताना, ऐंशीच्या घरातल्या धर्मगुरूंना "इथे सही करा" म्हणायचं? मला ते बरं दिसेना. वडीलधाऱ्या माणसानं शब्द दिलाय, त्यावर कागद मागायचा म्हणजे त्यांच्यावर विश्वास नाही असं होतं. इतर कुठल्याही डायरेक्टरने सही घेतली असती. मी बॅगेची चेन लावली.

म्हातारे पास्टर पुढे वारले. काका चौऱ्याऐंशीचे झाले आणि एक दिवस इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या टेबलासमोर येऊन बसले.

"सलाम, रोहिणी. माझं पण ठरवून टाक. सुशीलेच्या शेजारी जागा. आणि शेवटची प्रार्थना आपल्या मराठीतून, थोरातांनी करायची. बाकी शवपेटी कुठली, कापड कुठलं, तुला हवं ते कर."

मी चर्चला फोन लावला. चर्चच्या कौन्सिलची अध्यक्ष होती मार्लिन. बियाण्यांच्या व्यापाऱ्याची विधवा, वय ऐंशी, ताठ कणा, आणि आवाज असा की समोरच्याने आपोआप च्युइंगगम थुंकावं. ती बोलायची अर्थात इंग्रजीत, मी मराठीत सांगते.

"सॅम सभासद नाही," ती म्हणाली. "जागा देण्याचा ठराव आम्ही करू. पण प्रार्थना आमचाच पास्टर करील. कुंपणाच्या आत दुसऱ्या कुठल्याही धर्मोपदेशकाने तोंड उघडायचं नाही, असा नियम आहे."

"नियम कोणी केला?"

"आमच्या पणजोबांनी."

त्यामागची कथा ऐका. हे चर्च बांधलं जर्मन शेतकऱ्यांनी. त्यांच्यात धर्माच्या कुठल्याशा मुद्द्यावर भांडण झालं आणि अर्धी मंडळी उठून गेली. मैलभर अंतरावर त्यांनी दुसरं चर्च बांधलं. पण त्यांचे आईबाप पुरलेले इथे. मग कोणी वारलं की तिकडचा पास्टर इथे यायचा आणि खड्ड्यापाशी उभा राहून इकडच्यांनाच नरकाची भीती घालायचा. एकदा म्हणे दोन पास्टरांची प्रेताच्या डोक्यावरून मारामारी झाली आणि एकजण खड्ड्यात पडला. त्या दिवशी हा नियम झाला. ते दुसरं चर्च केव्हाच बंद पडलंय. तिथे आता लोक घरातलं जास्तीचं सामान भाड्याने ठेवतात. ज्यांच्यासाठी नियम केला ते उरले नाहीत, नियम मात्र टुणटुणीत.

मी काकांना सांगितलं. वाटलं होतं, चिडतील. ते म्हणाले, "माझा आजा ख्रिस्ती झाला ना, तेव्हा गावाने त्याला स्मशानात घेतलं नाही. आधी तरी कुठे घेत होते म्हणा! शिवेबाहेर नाल्याच्या कडेला पुरला. माझा बाप सांगायचा, पाऊस झाला की बघायला जावं लागायचं, आजा जागेवर आहे का. आणि मी सातासमुद्रापार येऊन पुन्हा तेच? मला आत घेणार आणि माझ्या माणसांना कुंपणाबाहेर ठेवणार?"

त्या दिवशी बॅगेची चेन लावली नसती तर हे ऐकावं लागलं नसतं. मी त्यांना तसं सांगितलंसुद्धा. ते म्हणाले, "जाऊ दे ग. मी पण नसता मागितला कागद."

त्यांची मुलगी रूथ बेलव्ह्यूला असते, सॉफ्टवेअरमध्ये. तिने फोनवर सोपा उपाय काढला. "डॅडी, जस्ट जॉइन देअर चर्च! इट्स वन फॉर्म!" काकांनी फोन कानापासून लांब धरला आणि मला म्हणाले, "हिला सांग, बाप अ‍ॅप नाही अपडेट मारायला."

थोरात पाळकही काही कमी नव्हते. सत्तरी गाठलेली, दाढी पांढरी, आवाज खणखणीत. ते म्हणाले, "त्यांचा पास्टर प्रार्थना करणार असेल तर आमची मंडळी येणार नाही. आम्ही काय प्रेक्षक आहोत?"

शेवटी चर्चच्या तळघरात बैठक भरली. इथे चर्चची प्रत्येक बैठक खाण्याने सुरू होते, म्हणून आधी चीज घातलेले बटाटे खाल्ले. मग दोन तास चर्चा. कोणी विचारलं, पाळक बाहेर उभे राहिले आणि डोकं कुंपणावरून आत झुकवलं तर? मार्लिन म्हणाली, तोंड डोक्यालाच असतं, सबब चालणार नाही. कोणी म्हणालं, रेकॉर्डिंग लावलं तर? त्यावर मतं निम्मी निम्मी पडली. मी एवढी वर्षं नोकरी केली, पण धर्मोपदेशकाचं तोंड नक्की कुठे सुरू होतं यावर चर्चा तेव्हाच ऐकली. अखेर मार्लिनने चष्मा काढला. "नियम बोलण्याबद्दल आहे, ऐकण्याबद्दल नाही. तो माणूस कुंपणाबाहेर उभा राहून बोलू दे. आत ऐकू आलं तर आम्ही काय करणार?"

थोरात उसळलेच. "बाहेर? मी?" पण काका म्हणाले, "एकदा करून तर बघू."

म्हणजे काय? म्हणजे रंगीत तालीम! कुंपणापलीकडचं सोयाबीनचं शेत एका कॅथलिक शेतकऱ्याचं. त्याला परवानगी मागितली तर त्याने उत्साहाने गवत वाहायची गाडीच आणून लावली. सप्टेंबरच्या एका सकाळी थोरात पाळक पूर्ण झगा घालून त्या गाडीवर चढले. आत काका आपल्या होणाऱ्या कबरीच्या जागेवर उभे राहिले, आणि त्यांच्या शेजारी मार्लिन, हातात वही घेऊन. मी मधल्या रस्त्याने इकडून तिकडे पळत होते.

थोरातांनी प्रार्थना सुरू केली. रस्त्यावरून मक्याचा ट्रक गेला.

"ऐकू येत नाही!" काका ओरडले.

थोरातांनी आवाज चढवला. दुसरा ट्रक. मग थोरात गायला लागले. तो आवाज सोयाबीनवरून असा आला की माझ्या अंगावर काटा आला. मार्लिनने लिहायचं थांबवलं.

"छे! काहीच नाही!" काका.

"काका, मशीन कुठंय तुमचं कानाचं?"

काकांनी खिसा चाचपला. मशीन खिशातच होतं. "बॅटरी वाचवत होतो," ते म्हणाले. मशीन घातलं, पुन्हा सुरुवात केली, तर मशीनला वारा ऐकू यायला लागला आणि नुसतं घूं घूं. मी सांगून पाहिलं, "काका, त्या दिवशी तुम्ही कुठे ऐकणार आहात?"

"मग कोणासाठी करतोय आपण हे?" ते म्हणाले आणि खाली बसले, आपल्याच जागेवर, गवतात. "राहू दे, रोहिणी. हा म्हातारा तिकडे गवताच्या गाडीवर उभा, मी इकडे. तमाशा झाला नुसता. मला गावच्या सरकारी कबरस्तानात टाक. तिथे थोरात जवळ उभे तरी राहतील." आणि शेजारच्या दगडावर हात ठेवून म्हणाले, "हिला एकटं राहायची सवय आहे. दर रविवारी मी हिला इथेच सोडून जायचो."

मला रडू आवरेना. मार्लिनला मराठी शब्द कळला नव्हता, पण तो दगडावरचा हात तिने पाहिला होता. ती म्हणाली, "मला तर शब्दन्‌शब्द ऐकू आला," आणि वही मिटून निघून गेली.

जानेवारीत काका झोपेतच गेले. फाइलमध्ये "प्रार्थना कोण करणार" ही एकच ओळ कोरी होती. रूथ विमानाने आली. आम्ही दोघींनी जड मनाने सरकारी कबरस्तान नक्की केलं. मी मार्लिनला कळवायला फोन केला. कळवायलाच हवं होतं असं नाही, पण मला राहवेना.

तिने आधी दिवस आणि वेळ विचारून घेतली. मग म्हणाली, "तिकडचं कॅन्सल कर. गुरुवारी अकराला त्याला इकडे आण. तुझ्या त्या गाणाऱ्या माणसालाही आण. झग्याखाली गरम कपडे घालायला सांग."

"पण मार्लिन, नियम..."

"नियमाला कोणी हात लावलेला नाही," आणि फोन ठेवला.

थंडीत जमीन दगडासारखी होते. खड्डा खणण्याआधी जागेवर लोखंडी झाकण ठेवून आत गॅसची शेगडी पेटवतात, एक दिवस माती शेकत ठेवतात, तेव्हा ती खणली जाते. मी बुधवारी माणसं पाठवली. ती परत येऊन म्हणाली, "त्या बाई बादल्यांत वाळू भरतायत." मी म्हटलं, भरू देत. मला वाटलं, वाटेवर घसरायला होऊ नये म्हणून.

गुरुवारी गाडी चर्चपाशी वळली आणि मी कचकन ब्रेक मारला.

शेतातला बर्फ उडून रस्त्यावर येऊ नये म्हणून इथे हिवाळ्यात प्लॅस्टिकची नारिंगी जाळी लावतात. मार्लिनने तीच जाळी आणली होती. चर्चच्या आवाराचं फाटक सताड उघडं. फाटकाच्या दोन्ही खांबांना जाळी बांधलेली, आणि तिथून आतपर्यंत, वाळूच्या बादल्यांत रोवलेल्या काठ्यांना धरून, दुतर्फा नारिंगी कुंपण केलेलं. मध्ये सहा फुटांची बोळ. ती बोळ कबरींमधून वळणं घेत थेट काकांच्या खड्ड्याला वेढा घालून आली होती.

मार्लिन फरची टोपी घालून उभी होती. नाक लाल. "कौन्सिलने काल फोनवर ठराव केला," ती म्हणाली. "चर्चचं कुंपण आज अकरा ते साडेअकरा इथून जातं. जाळीच्या मधला भाग कुंपणाबाहेर. तो माणूस चालत थेट खड्ड्यापर्यंत येऊ शकतो. आत पाऊलसुद्धा पडत नाही."

मी बघतच राहिले. मग लक्षात आलं की वेढ्यात एकच खड्डा नाही. सुशीलाकाकूंचा दगडही जाळीच्या आतल्या बाजूला, म्हणजे बाहेर, घेतला होता.

"मार्लिन, काकू तर सभासद आहेत. त्या कुंपणाबाहेर गेल्या की!"

"अर्धा तास," मार्लिन म्हणाली. "नवऱ्याला घ्यायला दारापर्यंत यायला नको का तिने?"

आता सांगा, या बाईला काय म्हणायचं! मी तिला मिठी मारली. ती लाकडासारखी उभी राहिली, पण मारू दिली.

थोरात पाळक फाटकापाशी थबकले. जाळीकडे पाहिलं, मला विचारलं, "हे आत की बाहेर?" मी म्हटलं, "बाहेर." ते एकदम हसले. तीन स्वेटरांवर झगा घातलेला तो गोल माणूस हसत हसत बोळीतून चालत गेला, मागे वाजवायची पेटी उचललेले दोघे, मागे शवपेटीत काका, मागे रूथ आणि अख्खी मंडळी. जाळीच्या पलीकडे गोधड्यांच्या गटातल्या बायका आणि चर्चचे तरुण नवे पास्टर ओळीने उभे.

थोरातांनी प्रार्थना केली. पेटीचे सूर थंडीने दातखीळ बसल्यासारखे अडत होते, तरी गीत झालं. मग थोरात जाळीपाशी गेले आणि त्या तरुण पास्टरला म्हणाले, "तुम्हीही दोन शब्द बोला."

तो बिचारा मार्लिनकडे बघायला लागला. आमच्याबद्दल नियम होता, त्यांनी बाहेर येऊन बोलण्याबद्दल नव्हताच. मार्लिनने मान हलवली. मग तो जाळीवर टांग टाकून बाहेर आला, बूट अडकला, आम्ही त्याला धरलं. त्याच्या पाठोपाठ गोधड्यांच्या बायकाही काठ्या वाकवून एकेक करत बाहेर आल्या.

आणि मग मूठमाती. इथले लोक खड्डा हिरव्या कापडाने झाकतात आणि शवपेटी खाली जायच्या आत गाडीत जाऊन बसतात. आपली माणसं हलत नाहीत. शेकलेली माती पुन्हा गोठायला लागली होती, ढेकळं झाली होती. प्रत्येकाने हातमोजे काढले आणि ढेकूळ हाताने फोडून टाकलं. मार्लिननेही मोजे काढले. रूथ इतका वेळ इंग्रजीत रडत होती, ती माती टाकताना "बाबा" म्हणाली. काकांना तिने लहानपणापासून डॅडीच म्हटलेलं.

साडेअकरा वाजले. मार्लिनने घड्याळ पाहिलं आणि स्वतः वाकून पहिली बादली उचलली. आम्ही सगळे भिडलो. पाच मिनिटांत जाळी गुंडाळली गेली. आणि मग कोणाच्या तरी लक्षात आलं की थोरात, पेटीवाले, मी, काका, काकू, सगळे होतो तिथेच आहोत आणि कुंपण पार लांब रस्त्याकडेला आहे.

"झालं," मार्लिन म्हणाली. "आता सगळे आत."

पुढच्याच महिन्यात तो नियम चर्चने रद्द केला. बादल्या उचलून सगळ्यांच्या कमरा धरल्या होत्या म्हणे. आणि उन्हाळ्यात मार्लिन माझ्याकडे आली, स्वतःचं ठरवायला. ती खुर्चीत टेकते न टेकते तोच मी कागद पुढे केला, पेन उघडून. एक चूक मी दोनदा करत नाही. तिने लिहिलं: थोरात. ते गाणं. नारिंगी कुंपण.

"अगं, आता नियमच नाही," मी म्हटलं. "ते असेच आत येऊ शकतात."

"लिहिलंय ना मी? मग लाव," ती म्हणाली आणि सही केली.

माझी निवृत्ती झाली, तरी जाळीचं ते भेंडोळं माझ्या गॅरेजमध्ये होतं. नवरा दर वसंतात विचारायचा, हे टाकायचं का. यंदा मार्चमध्ये मार्लिन गेली. मी नव्या डायरेक्टरला बाजूला सारलं आणि बादल्या घेऊन स्वतः गेले. थोरात पाळक आता काठी टेकतात. गार वाऱ्यात फाटकाबाहेर उभे होते, मंडळीला घेऊन.

मी म्हटलं, "पाळकसाहेब, नियम केव्हाच गेला. आत जाऊन बसा, थंडी आहे."

"तुम्ही आधी जाळी लावा, ताई," ते म्हणाले. "बाई चिडेल."